भिंतीला भोक न पाडता

बायकोची बदली झाली तेव्हा जाण्याआधी तिने दोन कामं उरकली. एक, घराला रंग लावून घेतला. दुसरं, मला समोर बसवून बजावलं, "अहो, या भिंतींना खिळा ठोकायचा नाही, भोक पाडायचं नाही आणि कडेकडेने वायरी लोंबकळू द्यायच्या नाहीत." मी हो म्हणालो. संसारात ज्या ज्या गोष्टींना मी हो म्हटलं, त्यांत ही मला सर्वांत सोपी वाटली होती. मी मुळात खिळा ठोकणाऱ्यांतला नव्हेच. सरकारी छापखान्यात मुद्रितं तपासायला, म्हणजे छपाईच्या चुका काढायला बसतो. हातोडी हातात धरली ती शेवटची शाळेत, आणि तीही मास्तरांनी लगेच काढून घेतली.

बायको बियाणं तपासायच्या प्रयोगशाळेत आहे. कुठलं बी उगवेल आणि कुठलं नुसतंच बी असल्याचा आव आणतंय, हे ती सांगते. बढती देऊन तिला एका लांबच्या प्रयोगशाळेची प्रमुख केलं. गाडीने चौदा तास. वर्षभरासाठी. घरी उरलो मी आणि माझे वडील, ज्यांना अख्खी इमारत नाना म्हणते.

आमच्या घरात इंटरनेटची तार पुढच्या खोलीच्या खिडकीतून येते आणि तिथेच एका डबीपाशी थांबते. डबीखाली नानांची आरामखुर्ची आहे. तिथे इंटरनेट उत्तम चालतं, आणि नानाही उत्तम चालतात. बायकोचा व्हिडिओ कॉल आला की फोन आधी नानांकडे जायचा. मग गुडघ्यांचा सविस्तर अहवाल, रात्रीच्या झोपेचा तपशील, आणि मी भांडी नीट घासत नाही ही तक्रार. पंधरावीस मिनिटांनी फोन माझ्या हातात यायचा, पण नाना तिथेच असायचे. नानांना कमी ऐकू येतं अशी त्यांची ख्याती आहे. मात्र मी आवाज खाली आणला की त्यांचे कान कसे काय उघडतात, हे कुणा डॉक्टरने एकदा तपासायला हवं. एका संध्याकाळी मी हळूच म्हणालो, "घर रिकामं वाटतं." नाना टीव्हीवरची नजर न काढता म्हणाले, "रिकामं कसलं? मी आहे की." त्यानंतर आठवडाभर मी बायकोशी फक्त हवामानावर बोललो.

म्हणून मी फोन घेऊन झोपायच्या खोलीत जायचो. तिथवर पोचायला सिग्नलला तीन भिंती, नानांची खोली आणि एक लोखंडी कपाट पार करावं लागतं. पोचेपर्यंत तो पुरता थकलेला असे. बायकोचं चित्र यायचं आणि गोठायचं. आठ महिन्यांत मी माझ्या पत्नीला जांभईच्या मध्यावर, शिंकेच्या उंबरठ्यावर आणि 'प' म्हणताना ओठ मिटलेल्या अवस्थेत इतक्या वेळा पाहिलं की हलती-बोलती ती कशी दिसते, हे आठवायला मला डोळे मिटावे लागायचे. आमचं सगळं संभाषण एका वाक्यावर आलं होतं. मी विचारायचो, ऐकू येतंय का. तीही विचारायची, ऐकू येतंय का. जे ऐकू यायचं होतं त्याला दोघांचाही हात लागायचा नाही.

कुणी म्हणेल, साधा फोन करावा. केला की. पण आम्ही दोघंही फोनवर, पूर्वी टपालाने तार करायचे तसं, मोजक्या शब्दांत बोलणारी माणसं. जेवलीस का, जेवले, बरं आहे ना, बरं आहे. ती 'बरं आहे' म्हणते तेव्हा ते खरोखर बरं असतं की नाही, हे तिच्या चेहऱ्यावर लिहिलेलं असतं. मूळ प्रत समोर नसताना मुद्रित तपासता येत नाही, हे मी माझ्या धंद्यातल्या अनुभवाने सांगतो.

अशातच एके दिवशी तिचा निरोप आला. "ऑफिसने विचारलंय, अजून दोन वर्षं राहणार का. महिनाअखेर कळवायचंय. यावर आपण नीट बोलू. चेहरा बघून. नाना नसताना."

त्या दिवशी अकरा तारीख होती. मी तो निरोप चार वेळा वाचला. त्यात एकही चूक नव्हती, आणि त्याचंच मला वाईट वाटलं. ती घाईत लिहिते तेव्हा वेलांट्या चुकवते. हा तिने विचार करून लिहिला होता.

दुसऱ्या दिवशी मी कंपनीकडे तक्रार नोंदवली. कंपनीचा माणूस तीन दिवसांनी आला. जाड भिंगांचा चष्मा, खांद्यावर तारेचं भेंडोळं, आणि चेहऱ्यावर आधीच कंटाळा. त्याने डबीशेजारी उभं राहून मोजणी केली आणि सिग्नल झकास असल्याचं जाहीर केलं. मी म्हटलं, आत झकास नाही. तो आत आला, कपाटाकडे आणि भिंतींकडे बघून म्हणाला की तीन भोकं पाडू, तार टाकू, अर्ध्या तासाचं काम. मी सांगितलं की भोक पाडायचं नाही. मग कडेने नेऊ, तो म्हणाला. कडेनेही न्यायची नाही. त्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग शांतपणे विचारलं, "साहेब, मग इंटरनेट आत यायला पाहिजे ते कशातून?"

मी त्याला दारापर्यंत सोडलं. तो गेला आणि संध्याकाळी कंपनीचा संदेश आला : 'आपल्या तक्रारीचे समाधान झाले आहे.' भाषा अचूक होती. समाधान तक्रारीचं झालं होतं, ग्राहकाचं झाल्याचा दावा त्यांनी कुठेच केला नव्हता. मी पुन्हा तक्रार केली. पुन्हा समाधान झालं. तिसऱ्यांदा तर माणूस न येताच झालं.

आता इमारतीत एखाद्याच्या घरी कंपनीचा माणूस दोनदा आला की बातमी जिन्याने वर जाते. आमच्या वर राहणारे काका आयुष्यभर धरणं बांधून निवृत्त झालेले. सगळे त्यांना धरणकाका म्हणतात. ते दुसऱ्याच दिवशी वही घेऊन खाली आले. त्यांनी मला समजावलं की सिग्नल आणि पाणी यांत तत्त्वतः काहीच फरक नाही. डबी म्हणजे जलाशय. जलाशय उंचावर हवा, गळती रोखायला हवी आणि वाटेतले अडथळे काढायला हवेत. मला ते पटलं. धरणकाकांचं बोलणं ऐकताना नेहमीच पटतं, अडचण नंतर येते.

त्यांच्या सल्ल्याने डबी नानांच्या खुर्चीच्या वरून उचलून शोकेसच्या माथ्यावर ठेवली आणि खिडकीतून होणारी गळती अडवायला तिच्या मागे नानांचं जेवणाचं ताट उभं केलं. नानांनी दोन दिवस बशीत जेवण केलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ती बशी दाखवली. बायकोचं चित्र मात्र शिंकेच्या उंबरठ्यावरच थांबून राहिलं.

मग अडथळे. धरणकाकांचं बोट लोखंडी कपाटावर आलं. हे हलवलं की प्रवाह मोकळा. एका सकाळी छापखान्यात जाण्याआधी आम्ही दोघं कपाटाला भिडलो. कपाट आमच्यापेक्षा हट्टी निघालं. ते खोलीच्या दारापर्यंत विनातक्रार आलं आणि दारात तिरकं होऊन बसलं. पुढे जाईना, मागे येईना. धरणकाका बाहेर होते. मी आत होतो.

मी आतून कार्यालयात फोन केला. आमच्या मुख्य मुद्रितशोधक बाईंनी विचारलं की रजेचं कारण काय लिहू. मी म्हणालो, कपाट दारात अडकलं आहे. त्या म्हणाल्या की कारणांच्या यादीत आजारपण, घरगुती अडचण आणि निवडणूक एवढंच आहे. मी म्हटलं, घरगुती अडचण लिहा. त्यांनी विचारलं, अडचण कुणाची? मी म्हटलं, माझी. बाहेरून नाना ओरडले की त्यांचीही, कारण त्यांच्या गोळ्या त्या कपाटात आहेत. शेवटी दुपारी सुतार आला. त्याने खोलीचं दार उतरवलं, कपाट बाहेर घेतलं, दार परत बसवलं आणि जाताना एवढंच म्हणाला की आधी दार उतरवायचं असतं. धरणकाकांनी ते वहीत लिहून घेतलं.

कपाट पुढच्या खोलीत आलं. सिग्नलमध्ये फरक पडला नाही. तारीख एकोणीस झाली होती. छापखान्यात एका परिपत्रकात 'रजा' या शब्दाच्या जागी 'राजा' छापून गेलं आणि माझ्या हातून सुटलं. बावीस वर्षांत असं झालं नव्हतं. मला तिचाच निरोप दिसत होता. दोन वर्षं म्हणजे किती, हे मी रोज एकदा मोजायचो, जणू आदल्या दिवशी चुकलं असेल.

मग एका संगणकाच्या दुकानात दुकानदाराने मला ते दाखवलं ज्याचा शोध मी लावायला हवा होता. तीन पांढऱ्या डब्या, साबणाच्या वडीएवढ्या. तार नाही, भोक नाही. एक डबी पुढच्या खोलीत मूळ डबीशी जोडायची, एक मध्ये, एक शेवटी. पहिली दुसरीला सांगते, दुसरी तिसरीला. फक्त मधली डबी दोघींना नीट ऐकू येईल अशा जागी हवी. आमच्या घरात ती जागा म्हणजे नानांच्या खोलीतलं पलंगाजवळचं फडताळ.

नानांनी आधी हरकत घेतली. दिवा लुकलुकतो. मी दिव्यावर चिकटपट्टी लावली. गरम होतं. मी हात लावून दाखवलं. मग हरकती संपल्या, आणि मला वाटलं, पटलं. त्या दुपारी मी झोपायच्या खोलीत बसून फोनवर एका अनोळखी माणसाला समुद्रात पोहताना पाहिलं. पाण्याचा थेंब न् थेंब दिसत होता. मी बायकोला कळवलं, आज सात वाजता.

सातला तिचा कॉल आला, ती हसली, "अहो, दिसताय तुम्ही," म्हणाली, आणि गोठली.

दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशीही. दिवसभर समुद्र आणि सातला बर्फ. धरणकाकांनी वही उघडली. ठराविक वेळी प्रवाह तुटतो म्हणजे वरच्या बाजूला कुणीतरी दार उघडतंय, असं त्यांचं निदान झालं. त्यांनी कुठेतरी वाचलं होतं की मायक्रोवेव्ह ओव्हन चालू केला की सिग्नल बिघडतो. हे खोटंही नाही. दोन संध्याकाळी ते मजल्या-मजल्यावर फिरले आणि सात वाजता कोण काय गरम करतं, याची यादी करून आणली. यादी सोसायटीच्या सचिवांकडे गेली. सचिवांना पत्रं काढायची फार हौस. दुसऱ्याच सकाळी जिन्यात सूचना लागली की एका सभासदाच्या कौटुंबिक निकडीस्तव सायंकाळी सात ते आठ या वेळेत कुणीही अन्न गरम करू नये.

सूचनेत दोन चुका होत्या आणि मी त्या पेनाने दुरुस्त केल्या. ही माझी मोठी चूक. त्यामुळे ती सूचना मीच लिहिली असा समज पसरला. तिसऱ्या मजल्यावरच्या वकीलबाईंनी खाली लेखी उत्तर चिकटवलं की गरम अन्न हा सभासदाचा हक्क असून निकड नेमकी काय आहे हे जाहीर करावं. समोरच्या मावशींनी मला जिन्यात गाठून विचारलं की सूनबाई बऱ्या आहेत ना. मी म्हणालो, बरी आहे. त्यांनी माझ्या दंडावर हात ठेवला आणि म्हणाल्या की त्या महिनाभर गार जेवतील. मला त्या क्षणी गच्चीवर जाऊन राहावंसं वाटलं.

सत्तावीस तारखेला सातला पाच मिनिटं असताना इमारतीत सगळीकडे शांतता होती. तीस घरांतलं अन्न गार होत होतं. मी झोपायच्या खोलीत फोन उभा करून बसलो होतो. चष्मा पुसायचं फडकं नानांच्या खोलीत राहिलं, म्हणून उठून गेलो. नाना पलंगाच्या कडेवर बसले होते. फडताळामागे हात घालून त्यांनी मधल्या डबीच्या बटणावर बोट ठेवलेलं होतं, आणि डोळे घड्याळाकडे.

मी दारात उभा राहिलो. त्यांनी मला पाहिलं, पण बोट काढलं नाही.

"नाना, रोज तुम्हीच का?"

त्यांनी मोकळ्या हाताने पलंगावरची चादर सारखी केली. मग म्हणाले, "पुढच्या खोलीत कॉल यायचा तेव्हा ती माझ्याशी बोलायची. तू आत नेलंस की आत बोलशील, बाहेर येशील आणि मला सांगशील, बरी आहे."

मला राग यायला हवा होता. इमारतीत माझी जी शोभा झाली होती तिच्या मानाने तर भरपूर यायला हवा होता. पण ते म्हणत होते ते खरं होतं. मी बाहेर येऊन अगदी तेच सांगितलं असतं. ती असताना संध्याकाळी नानांना वर्तमानपत्र वाचून दाखवायची. ती गेल्यावर मी काही दिवस वाचलं, पण मी बातमीपेक्षा तिच्यातल्या छपाईच्या चुकाच जास्त सांगतो म्हणून त्यांनी ते बंद केलं. आठ महिने मी समजत होतो की या घरात मला एकट्यालाच चुकल्यासारखं होतंय.

मी त्यांच्याशेजारी बसलो आणि दोन वर्षांचं सांगितलं. त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी एकदा विचारलं, "दोन?" मी मान हलवली. त्यांनी फडताळामागून हात काढून घेतला आणि मांडीवर ठेवला.

"आज तू बोल," ते म्हणाले. "माझे गुडघे कुठे जात नाहीत."

मग ते उठून पुढच्या खोलीत गेले. टीव्ही लावल्याचा आवाज आला आणि लगेच तो नेहमीपेक्षा मोठा झाला.

सातला कॉल आला. ती दिसली आणि दिसतच राहिली. मी तिला कित्येक महिन्यांनी नीट पाहत होतो. कानशिलावरचे केस पांढरे झाले होते आणि तिने ते रंगवायचं सोडलं होतं. चष्म्याची काडी नवी होती. मागे एक टेबल, त्यावर कागदांची चळत, भिंतीवर काहीच नाही. तिनेही मला आधी नुसतं पाहून घेतलं आणि विचारलं की शर्टाचं वरचं बटण कधी तुटलं. मला ते तुटल्याचं माहीत नव्हतं.

मी मुद्दे लिहून ठेवले होते. एका कागदावर, क्रमवार, दोनदा तपासून. तिने परत का यावं याची सात कारणं. पण तिने आधी प्रयोगशाळेबद्दल सांगायला सुरुवात केली. कुठल्याशा जुन्या बियाण्याचा नमुना तिच्या आधीच्या माणसाने मेलेला म्हणून नोंदला होता. तिला ते पटलं नाही. तिने ओल्या कागदात गुंडाळून बी पुन्हा ठेवलं, रोज सकाळी स्वतः पाहिलं, आणि तेविसाव्या दिवशी शंभरातली एकसष्ट उगवली. एकसष्ट म्हणताना तिने दोन्ही हात वर केले. हाताखालचे लोक आधी तिला टाळायचे, आता सकाळी तिच्याआधी येऊन थांबतात, हे सांगताना ती थोडी लाजली. इतक्या वर्षांत तिला असं कामाबद्दल बोलताना मी पाहिलंच नव्हतं. इथल्या प्रयोगशाळेतून ती घरी यायची ती थेट ओट्यापाशी.

तुटक्या चित्रात हे दिसलं नसतं. मी तो कागद घडी करून मांडीखाली सरकवला.

"तुम्ही काय म्हणता?" तिने विचारलं.

"मला वाटतं, तू यावंस," मी म्हणालो. "आणि मला वाटतं, तू राहावंस. दोन्ही खरं आहे. यातलं एक खोडून टाका म्हणालीस तर मला जमणार नाही."

ती काही बोलली नाही. सवयीने माझ्या तोंडात आलं होतं, ऐकू येतंय का. पण तिच्या पापण्या हलत होत्या. चित्र गोठलं नव्हतं. ती गप्प होती, एवढंच.

"मलाही दोन्ही वाटतं," मग ती म्हणाली. "मला वाटलं होतं, तुम्ही एक सांगाल म्हणजे मी सुटेन."

तिने नाना कुठे आहेत ते विचारलं. मग मी फोन पुढच्या खोलीत नेला आणि नानांच्या हातात दिला. त्या दिवशी नानांनी गुडघ्यांचा विषय काढला नाही. तिनेच त्यांना वर्तमानपत्र आणायला सांगितलं आणि मी पान धरलं की तिकडून ती वाचून दाखवायला लागली. अक्षरं बारीक, तिला नीट दिसत नव्हती, निम्म्या बातम्या तिने मनच्याच सांगितल्या. मला एकही चूक सापडली नाही.

तीस तारखेला तिने ऑफिसला राहण्याचा होकार कळवला. जिन्यातली सूचना सचिवांनी काढून घेतली. धरणकाका अजूनही मानतात की तिसऱ्या मजल्यावरचा ओव्हन बंद झाल्यामुळेच प्रवाह सुरळीत झाला, आणि मी त्यांना तसं मानू दिलं आहे. समोरच्या मावशींना मात्र खरं सांगितलं. त्यांनी दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं आणि तिसऱ्या दिवशी नानांना हसत हसत रागावल्या.

आता आमच्याकडे सातचा कॉल आधी नानांचा असतो. मग फोन आत येतो आणि टेबलावर उभा राहतो. सुरुवातीला आम्ही बोलायचो. हल्ली तसं बोलायला काही नसतं. ती तिचे अहवाल तपासते, मी घरी आणलेली मुद्रितं तपासतो. तिकडे पान उलटल्याचा आवाज होतो, इकडे पेन्सिल ठेवल्याचा. कधी तासभर असाच जातो. मग ती म्हणते, ठेवते हं, आणि खोलीत माझंच श्वास घेणं ऐकू यायला लागतं. ते सवयीचं झालेलं नाही. होईल असंही वाटत नाही.

परवा ती कशावर तरी आकडे लिहीत होती. मान वर न करता, इथे असताना विचारायची अगदी तशीच, तिने विचारलं, "पंखा कमी करू का?"

"हो, कर जरा," मी म्हणालो.

ती उठली. चौदा तासांवरच्या त्या खोलीतल्या पंख्याचं बटण तिने दोन घरं खाली आणलं, परत येऊन बसली आणि लिहायला लागली. आपण काय विचारलं हे तिच्या ध्यानातही आलं नव्हतं. माझ्या डोक्यावरचा पंखा होता तसाच फिरत होता. तरी माझ्या समोरचे कागद फडफडायचे थांबल्यासारखे मला वाटले, आणि मी त्यांच्यावरचा हात काढून घेतला.